पाण्याबाहेरची नाव

(मेहकर येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मेहकरात समुद्र नाही. इथून मुंबईचा किनारा सरळ रेषेत मोजला तरी सुमारे चारशे किलोमीटर दूर आहे. आपली पैनगंगा तर त्या समुद्राकडे पाठ करूनच वाहते. ती वर्धेला मिळते, प्राणहितेतून गोदावरीत शिरते आणि तिचं पाणी शेवटी बंगालच्या उपसागराला जातं. त्यामुळे विषय जाहीर झाल्यावर काहींनी आम्हाला विचारलंच, की सर, तत्त्वज्ञान सोडून बोटी कधीपासून? आमचं उत्तर असं, की तत्त्वज्ञानाची माणसं दोन हजार वर्षांपासून बोटीतच अडकलेली आहेत. आज फक्त ती बोट जरा बाहेर काढून, तिचा तळ खरवडून बघू.

विषय असा आहे. ज्या बोटीत माणसं राहतात, म्हणजे स्वयंपाक, झोप, आजारपण सगळं जिच्यात होतं, ती बोट ठरावीक काळानं पाण्याबाहेर काढावी लागते. ती दुरुस्त करायची आणि पुन्हा पाण्यात सोडायची. यात विचार करण्यासारखं काय आहे? आम्हाला वाटतं, बरंच आहे. आधी मात्र काम काय असतं ते नीट समजून घेऊ. कामाची माहिती नसताना केलेलं तत्त्वज्ञान म्हणजे नुसती शब्दांची उतरंड.

कोकणात मे महिना संपत आला की वर्तमानपत्रांत एक ठरलेली बातमी येते : नौका शाकारण्याची लगबग. आपण घर शाकारतो, ते होड्या शाकारतात. १ जून ते ३१ जुलै हा आपल्या किनाऱ्यावर मासेमारीबंदीचा काळ. समुद्र खवळलेला असतो आणि माशांच्या विणीचेही तेच दिवस. होड्या किनाऱ्यावर ओढून घेतात. पूर्वी त्यांच्यावर नारळाच्या झावळ्यांचे झाप टाकत, आता प्लॅस्टिकचे कागद बांधतात. तळ तासून घ्यायचा, सडकी फळी बदलायची, सांध्यांत कापूस ठोसून वर राळ-तेल भरायचं, रंग द्यायचा. मग नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ, आणि होडी पुन्हा पाण्यात. सण आपल्याला ठाऊक असतो, पण त्याच्या आधीचे दोन महिने घाटावरच्या माणसाला दिसत नाहीत. कोळ्यांच्या वर्षात ते दोन महिने बसून खाण्याचे नसतात. त्या दिवसांत कमाई थांबते आणि खर्च सुरू होतो.

बोट बाहेर का काढावी लागते? समुद्राच्या पाण्यात बुडलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर थोड्याच दिवसांत शेवाळ धरतं. मग त्यावर चिकटून राहणारे, कवचाचे बारके जीव वस्ती करतात. बार्नेकल म्हणतात त्यांना. ते दगडासारखे घट्ट बसतात, तळ खडबडीत होतो आणि बोट जड चालते. लाकडी बोटीला याहून वाईट शत्रू आहे, लाकूड पोखरणारा टेरेडो. त्याला जहाजकिडा म्हणतात, पण तो किडा नाही, शिंपल्याच्या कुळातला प्राणी आहे. बाहेरून फळी धडधाकट दिसते आणि आतून चाळणी झालेली असते.

यावरचा एक जुना उपाय म्हणजे तळाला तांब्याचा पत्रा मारणं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश आरमारानं तो सरसकट केला. पण तांबं खाऱ्या पाण्यात हळूहळू विरघळतं. १८२४ मध्ये हम्फ्री डेव्ही या मोठ्या रसायनशास्त्रज्ञानं तोडगा काढला : तांब्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडायचे, म्हणजे समुद्र आधी त्यांना खाईल आणि तांबं वाचेल. प्रयोग यशस्वी झाला, तांबं वाचलं. आणि जहाजांच्या तळावर पुन्हा शेवाळ आणि बार्नेकल वाढायला लागले! कारण तांबं तळ स्वच्छ ठेवत होतं ते विरघळून. झिजणं थांबवलं तसा त्याचा उपयोगही थांबला. ही गोष्ट आम्ही वर्गात कार्यकारणभाव शिकवताना सांगायचो आणि पोरं हसायची. डेव्हीची कल्पना मात्र वाया गेली नाही. आजही बोटीच्या तळाला, पंख्याच्या दांड्याजवळ, जस्ताचे ठोकळे लावतात. त्यांचं काम एकच, दुसऱ्या धातूंऐवजी आपण झिजायचं. बोट बाहेर काढली की ते बघायचे आणि निम्मे उरले असतील तर बदलायचे. ज्या बोटीचा ठोकळा दोन वर्षांनीही नवा कोरा दिसतो, तिचा मालक अनुभवी असेल तर खूश होत नाही. जोडणी कुठे तरी तुटली आहे आणि समुद्र दुसरंच काही तरी खातो आहे, हे त्याला लगेच कळतं.

आता राहत्या बोटीकडे येऊ. तिला यार्डात क्रेननं उचलतात. पोटाखालून दोन रुंद पट्टे घालतात, बोट हवेत लोंबते, मग टेकू लावून तिला जमिनीवर उभी करतात. पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं तळ धुतात, सुकाणू हलवून बघतात, तळाच्या भोकांवरचे कॉक उघडून साफ करतात. बोटीला मुद्दाम ठेवलेली भोकं असतात बरं का, पाणी आत घ्यायला आणि सांडपाणी बाहेर सोडायला. बोटी बुडतात त्या दर वेळी वादळानंच बुडतात असं नाही. बंदरात शांत उभी असलेली बोटसुद्धा गंजलेल्या कॉकपायी तळाला जाते.

आणि या सगळ्या काळात तिच्यात राहणारी माणसं कुठे राहतात? पुष्कळदा तिथेच. दहा-बारा फुटांची शिडी चढून आपल्याच घरात जायचं. मोरीत पाणी सांडायचं नाही, कारण ते खाली रंग देणाऱ्याच्या डोक्यावर पडेल. संडास बंद. समुद्राच्या पाण्यावर थंड होणारा फ्रीज असेल तर तोही बंद. रात्री तहान लागली तर कळशीतलं पाणी, आणि लघवीला शिडी उतरून यार्डाच्या कोपऱ्यात. घर आहे पण घरासारखं चालत नाही, बोट आहे पण तरंगत नाही. आमच्या वयाच्या माणसांना गुडघा बदलल्यानंतरचे सहा आठवडे आठवतील.

इथून तत्त्वज्ञान सुरू होतं.

देकार्त हा आधुनिक तत्त्वज्ञानाचा बाप. त्यानं ज्ञानाला घराची उपमा दिली. घर कच्च्या पायावर उभं असेल तर डागडुजी करत बसू नये. पाडावं आणि पक्क्या पायावर नव्यानं बांधावं. पण तो व्यवहारी माणूस होता. १६३७ च्या आपल्या पुस्तकात त्यानं पुढे हेही लिहिलं, की घर पाडल्यावर नवं होईपर्यंत राहायला दुसरी जागा बघून ठेवली पाहिजे. म्हणून त्यानं तात्पुरते नीतिनियम सांगितले. ते भाड्याच्या खोलीसारखे आहेत.

विसाव्या शतकात व्हिएन्नाच्या ऑटो न्यूराथनं हे चित्र उलटं केलं. १९३२ च्या एका लेखात तो म्हणतो, आपण अशा खलाशांसारखे आहोत, ज्यांना भर समुद्रातच आपलं जहाज दुरुस्त करावं लागतं. ते गोदीत नेऊन सुटं करून उत्तम सामानानं नव्यानं बांधण्याची सोय नाही. म्हणजे भाषा, समजुती, कायदे, शास्त्र यांतलं सगळं एकदम बाजूला ठेवून कोऱ्या जागी उभं राहता येत नाही. एक फळी बदलायची तर बाकीच्या फळ्यांवर उभं राहून. पुढे अमेरिकेच्या क्वाइननं ही उपमा इतकी वापरली, की आता ती न्यूराथची नाव म्हणूनच ओळखली जाते. गंमत बघा, १९४० च्या मे महिन्यात हॉलंडवर जर्मन चालून आले, तेव्हा हाच न्यूराथ माणसांनी खचाखच भरलेल्या एका जीवरक्षक होडीतून समुद्रावर निसटला आणि इंग्लंडला पोचला. त्या रात्री फळ्या बदलण्याचा विचार त्याच्या मनात आला असेल असं वाटत नाही.

आम्ही तीसेक वर्षं न्यूराथच्या बाजूनं शिकवलं आणि आजही त्याचीच बाजू घेऊ. सगळं पाडून नव्यानं उभारू म्हणणाऱ्यांबद्दल आम्हाला कायम धास्ती वाटत आली आहे. गावातलं वाचनालय असो की देशाची घटना, ते लोक राहायची दुसरी जागा बघून ठेवत नाहीत. देकार्तनं निदान तेवढं तरी केलं होतं. पण न्यूराथच्या चित्रात एक जागा मोकळी राहते, ती म्हणजे बोटयार्ड. खऱ्या खलाशांना बंदरं असतात. काही कामं चालत्या बोटीवर होतात आणि काही होतच नाहीत. जाणता खलाशी या दोहोंतला फरक ओळखतो.

याचं आपल्याकडचं उदाहरण गोव्यात सापडतं. मांडवीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या ॲक्वेरियस शिपयार्डमध्ये ‘म्हादेई’ नावाची शिडाची बोट बांधली गेली. म्हादेई हे मांडवीचंच वरच्या भागातलं नाव. लांबी ५६ फूट, लाकडी पट्ट्यांचं अंग आणि त्यावर फायबरग्लासचं कवच. २००९ च्या फेब्रुवारीत ती नौदलात आली. भारतीय माणसानं एकट्यानं शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी ही कल्पना होती निवृत्त व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांची. आता ते कुठे राहत होते? फलटणजवळच्या विंचुर्णीत. तेव्हा समुद्रावर विचार करायला समुद्रकाठीच राहावं लागतं असं कुणी म्हणू नये, मेहकरकरांनी तर नाहीच.

या एकाच बोटीनं दोन प्रवास केले, आणि आमच्या दृष्टीनं त्यांची तुलना फार मोलाची आहे. पहिला दिलीप दोंदे यांचा. १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून निघाले, १९ मे २०१० ला परत आले. वाटेत चार मुक्काम : फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ले, केपटाउन. प्रत्येक ठिकाणी बोट तपासायची, बिघडलेलं दुरुस्त करायचं, पुढे निघायचं. दुसरा अभिलाष टॉमी यांचा. १ नोव्हेंबर २०१२ ते ३१ मार्च २०१३, कुठेही न थांबता, बाहेरची कसलीही मदत न घेता. काही मोडलं तर बोटीवर जे आहे त्यातूनच उभं करायचं. हा शब्दशः न्यूराथचा प्रवास. दोन्ही माणसं पृथ्वीला वळसा घालून आली. पण टॉमींचा प्रवास ज्या बोटीतून झाला, ती आधी दोंदे यांच्या हाताखाली चार बंदरांत तपासली गेलेली होती आणि दोन प्रवासांच्या मध्ये तिच्यावर किनाऱ्यावर काम झालं होतं. न थांबता जाता येतं ते आधी कुणीतरी थांबलेलं असतं म्हणून. तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत ही बाजू सहसा दिसत नाही.

तिची धाकटी बहीण ‘तारिणी’, त्याच आराखड्याची, त्याच यार्डातली. १० सप्टेंबर २०१७ ला लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्यासह नौदलाच्या सहा महिला अधिकारी गोव्याहून निघाल्या आणि २१ मे २०१८ ला परतल्या. २५४ दिवसांची ही मोहीम. सहा जणी, एक बोट आणि एकच स्वयंपाकाचा ओटा. ठरलेले मुक्काम दोंदे यांचेच चार. पण एप्रिलमध्ये सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला आणि मॉरिशसला, पोर्ट लुईला, पाचवा मुक्काम करावा लागला. त्या वेळच्या काही बातम्यांमध्ये तो अडथळा म्हणून आला. आमच्या मते मोहिमेतल्या शहाणपणाच्या निर्णयांत त्याची गणना व्हावी. घर दोन-अडीच हजार सागरी मैलांवर दिसत असताना थांबणं सोपं नसतं.

आता तो प्रसिद्ध प्रश्न, ज्याची तुम्ही मघापासून वाट बघत असाल. फळ्या बदलत गेल्या तर बोट तीच राहते का?

प्लुटार्क सांगतो : थिसियसचं तीस वल्ह्यांचं जहाज अथेन्सच्या लोकांनी जपून ठेवलं. जुनी फळी कुजली की काढायची, नवी बसवायची. तेव्हा तत्त्वज्ञांत दोन तट पडले, हे तेच जहाज म्हणणारे आणि हे वेगळंच म्हणणारे. सतराव्या शतकात हॉब्जनं आणखी पेच टाकला : काढलेल्या जुन्या फळ्या कुणी गोळा करून त्यांचं जहाज जोडलं, तर खरं कोणतं?

आपल्याकडे याची चर्चा जास्त बारकाईनं झाली आहे. मिलिंदप्रश्नात भदंत नागसेन राजाला विचारतात, तू रथातून आलास ना, मग रथ म्हणजे चाक का, आस का, जू का? यांतलं काहीच रथ नाही, आणि यांना सोडूनही रथ नाही. रथ हे एक सोयीचं नाव आहे. नैयायिकांना हे मान्य नाही. त्यांच्या मते अवयवांहून वेगळा अवयवी खरोखर असतो. पण मग ते कडक होतात : वस्त्रातून एक धागा निघाला तरी जुनं महापट नष्ट झालं आणि नवं खंडपट जन्माला आलं. ‘तेच हे’ असं आपल्याला वाटतं खरं, पण दिव्याची ज्योत पाहून ‘तीच ही ज्योत’ म्हणतो, तसंच ते साम्यामुळे होतं. या हिशेबानं एक सडकी फळी काढली की कोळ्याची होडी दर पावसाळ्यात मरते आणि नारळी पौर्णिमेला नवी जन्मते. तर्काला हे चालतं, पण कर्ज काढून होडी शाकारणाऱ्याला हे पटवून दाखवा!

या वादात एक गोष्ट विसरली जाते. थिसियसचं जहाज नुसतं शोभेला उभं नव्हतं. बहुतेक अभ्यासक ज्याला तेच जहाज मानतात, ते दर वर्षी अपोलोच्या उत्सवासाठी डेलॉस बेटावर जात असे आणि ते परत येईपर्यंत अथेन्समध्ये कुणाला देहदंड देत नसत. इसवी सनपूर्व ३९९ मध्ये सॉक्रेटिसवर खटला चालला, त्याच्या आदल्या दिवशी या जहाजाला हार घातला गेला होता. प्लेटोनं ‘फीडो’च्या सुरुवातीलाच हे सांगितलं आहे. झेनोफन म्हणतो, सॉक्रेटिसला असे तीस दिवस मिळाले. मित्र रोज तुरुंगात येत, बोलत बसत. म्हणजे फळ्या बदलत होते ते तत्त्वज्ञांची सोय म्हणून नाही, जहाजाला समुद्रात जायचं होतं म्हणून. ‘हे तेच जहाज का’ या प्रश्नाचं अथेन्सनं दिलेलं उत्तर असं होतं : ते डेलॉसला जाऊन आलं का? त्या वर्षी ते परत आलं, आणि सॉक्रेटिसला विष प्यावं लागलं.

असंच एक जहाज आपल्या मुंबईत बांधलेलं आहे. ‘सुहैली’ तिचं नाव. ३२ फूट, सागवानी, १९६४ मध्ये पाण्यात उतरलेली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या इंग्रज खलाशानं ती मुंबईहून इंग्लंडला नेली आणि १४ जून १९६८ ते २२ एप्रिल १९६९ या ३१२ दिवसांत तिच्यातून एकट्यानं, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारा तो पहिला माणूस. सुरुवातीलाच अटलांटिकमध्ये तळाच्या सांध्यांतून पाणी यायला लागलं. गडी पाण्यात उतरला, श्वास रोखून बोटीखाली गेला, सांध्यांत भरण केली आणि वरून कापडाची पट्टी आणि तांब्याचा पत्रा खिळ्यांनी ठोकला. मध्येच शार्क आला, तेव्हा वर येऊन त्याला बंदुकीनं मारलं आणि पुन्हा खाली गेला. न्यूराथला याहून चांगलं उदाहरण मिळालं नसतं.

पुढे या बोटीचा मोठा सन्मान झाला. तिला ग्रीनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात ठेवलं. छताखाली, कोरड्या हवेत. आणि तिथे ती मरायला लागली. सागवान वाळलं, आकसलं, फळ्यांमध्ये फटी पडायला लागल्या. दक्षिण महासागरानं जे केलं नाही ते कोरड्या दालनानं केलं. २००२ मध्ये रॉबिननं तिला तिथून बाहेर काढलं, दुरुस्त केलं आणि पुन्हा पाण्यात नेलं.

आपल्याला यात नवल वाटू नये. कुऱ्हाडीचा दांडा सैल झाला की आपण ती रात्रभर पाण्यात ठेवतो. चैत्र-वैशाखात बैलगाडीचं चाक वाळून धाव ढिली पडते, तेव्हा चाक पाण्यात भिजवत. लाकूड फुगतं, सांधे आवळतात. लाकडी बोटीचंही तसंच आहे. दुरुस्तीसाठी ती जमिनीवर यावीच लागते, पण जमिनीवर मुदतीपेक्षा जास्त राहिली तर ती दुरुस्तीच तिला मारते. काही तळरंगांनाही दिल्यावर ठरावीक दिवसांत पाणी लागतं, नाही तर त्यांचा गुण जातो. म्हणून यार्डात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे पाण्यात सोडण्याची तारीख. ती आधी ठरते आणि कामं तिच्या मागून धावतात. आमच्या ओळखीच्या कितीतरी संस्था ‘जीर्णोद्धार चालू आहे’ अशी पाटी लावून वीस-वीस वर्षं टेकूवर उभ्या आहेत. तारीख विचारली की लोकांना राग येतो.

पाण्यात सोडतात कसं, ते सांगून थांबतो. क्रेनचे पट्टे बोटीला उतरवतात, पण लगेच सोडत नाहीत. बोट पाण्याला टेकते, तरंगते, आणि पट्टे अजून पोटाखालीच असतात. राहणारा माणूस आत जातो, जमिनीच्या फळ्या उचलतो आणि एकेक कॉक, एकेक सांधा हात लावून बघतो. फायबरची बोट असेल तर ती कोरडी हवी. थेंब दिसला तरी पुन्हा वर घ्या म्हणतो. लाकडी असेल तर पाणी येणारच, ते किती येतंय आणि पंप त्याला पुरतोय का, हे बघायचं. मग पट्टे निघतात.

त्या पहिल्या रात्री लाकडी बोटीत कुणी नीट झोपत नाही. दर तासा-दोन तासांनी उठायचं, फळी उचलायची, टॉर्च मारायचा, पाणी किती चढलं ते बघायचं, पंप चालवायचा. फळ्या फुगायला एक-दोन दिवस लागतात, कधी जास्तही.

आता कुणाचे प्रश्न असतील तर घेऊ.